डेल्फ्टमध्ये डिझाइन शिकताना: सायकलवरचा एक दिवस

आडवी_रेघ

नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठात मी औद्योगिक डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. इथे येण्याच्या तयारीत असलेल्या काही सभासदांनी प्रवेश आणि शुल्क यांबद्दल विचारले होते. ती माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर व्यवस्थित मिळते, म्हणून त्यात शिरत नाही. मला लिहायचे आहे ते नोव्हेंबरअखेरच्या एका साध्या, कामाच्या दिवसाविषयी आणि त्या दिवसात सायकल जिथे जिथे येते त्याविषयी. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना वाद घालायला सोपे जाईल. इथली सायकल ही अगदी सामान्य, किंबहुना कंटाळवाणी वस्तू आहे. सगळी हुशारी रस्त्यात घातलेली आहे.

व्याख्याने पावणेनऊला सुरू होतात. या दिवसांत सूर्य सव्वाआठच्या पुढेच उगवतो, त्यामुळे घरातून निघताना दिवे लावावेच लागतात. नियमाप्रमाणे पुढचा दिवा पांढरा किंवा पिवळा आणि मागचा लाल हवा, आणि तो लुकलुकणारा चालत नाही. सायकलला बसवलेला नसला तरी कोटाला अडकवलेला चालतो. विद्यार्थी बहुधा तेच करतात, कारण सायकलवर ठेवलेला काढघालीचा दिवा संध्याकाळपर्यंत जागेवर राहीलच याची खात्री नसते. पण मला जास्त आवडते ती परावर्तकांची योजना. पायडलच्या दोन्ही कडांना पिवळे परावर्तक आणि चाकांवर गोल परावर्तक पट्टा सक्तीचा असल्यामुळे, अंधारात आडव्या रस्त्यावरून कोणी जात असेल तर सायकल दिसण्याआधी दोन वर्तुळे दिसतात. पाठमोऱ्या माणसाच्या बाबतीत खालीवर होणारे दोन ठिपके दिसतात. आकार कळण्याआधी हालचालीवरून वस्तू ओळखू येते. वर्गात हे शिकवायला एखादे पूर्ण सत्र लागले असते.

माझी सायकल जुन्या बाजारातली आहे: काळी, एकाच गिअरची, ताठ बसून चालवायची, साखळीवर पूर्ण आवरण असलेली, मागे पायडल मारले की ब्रेक लागणारी. ब्रेकची तार नाही, त्यामुळे ती तुटत नाही. साखळी झाकलेली आहे, त्यामुळे कपडे काळे होत नाहीत. मागच्या चाकाचे कुलूप सांगाड्यालाच बसवलेले आहे. अडचण एकच, ती उंचीची. इथली माणसे उंच, आणि जुन्या बाजारात येणाऱ्या सायकली त्यांच्याच मापाच्या, म्हणजे बहुधा ५३ किंवा ५७ सेंटीमीटरच्या सांगाड्याच्या. आमच्या विद्याशाखेने मानवी शरीराच्या मापांचा ‘डाइनेड’ नावाचा संग्रह सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यात डच प्रौढांच्या मापांशेजारी स्वतःची मापे ठेवून पाहिल्यावर, इथल्या बैठकीवर बसताना माझे पाय जमिनीपासून इतके वर का राहतात याचे उत्तर आकड्यांत मिळाले. मनाला लागू नये म्हणून ते आकडे इथे देत नाही.

आता रस्त्याकडे येते. आमची गल्ली विटांची आहे आणि तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर आहे. ती जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे पदपथ तुटत नाही. त्याच फरश्या, त्याच उंचीवर, गल्लीच्या तोंडावरून सरळ पलीकडे जातात आणि त्यांच्या शेजारून सायकलमार्गाचा तांबडा पट्टाही तसाच अखंड पुढे जातो. गाडीला गल्लीत शिरायचे असेल तर एक लहानसा तिरपा दगडी उतार चढून, पादचाऱ्यांच्या फरशीवरून आणि आमच्या तांबड्या पट्ट्यावरून जाऊन पुन्हा खाली उतरावे लागते. तिथे पाटी नाही, सिग्नल नाही, पोलीस नाही. पण चालकाच्या पार्श्वभागाला बसणारा तो छोटासा धक्का त्याला सांगतो की ही जागा तुमची नव्हे, तुम्ही इथून जाण्याची परवानगी घेऊन चालला आहात. पहिल्यांदा मी तिथे थांबून त्या उताराच्या कडेचे रेखाटन केले होते. दगड साधारण वीतभर रुंद आहेत, त्यांचा उतार रस्त्याकडे चांगलाच खडा आहे आणि पदपथाकडची कड फरशीशी अशी बसवली आहे की चाकांच्या खुर्चीला कुठेही ठेच लागत नाही. म्हणजे तोच दगड एका बाजूने अडवतो आणि दुसऱ्या बाजूने वाट देतो. उत्तम डिझाइनबद्दलची पुष्कळ जड वाक्ये मी वाचली आहेत, त्यांपैकी बरीचशी या दगडाने निकामी केली.

पुढच्या चौकात सायकलींचा वेगळा सिग्नल आहे आणि त्याचा लहान दिवा सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या पातळीवर बसवला आहे. डांबरात पातळ रेषा कापून तारेची वेटोळी पुरलेली असतात. त्यांच्यावर सायकल आली की यंत्रणेला कळते. काही ठिकाणी दिव्याभोवती ठिपक्यांचे कडे असते आणि एकेक ठिपका विझत जाऊन किती थांबायचे ते दाखवतो. थांबण्याचा काळ दिसला की माणूस थांबतो, न दिसला की लाल दिवा तोडतो, हे मी चौकात उभी राहून पुरेसे पाहिले आहे.

विद्यापीठातला दिवस थोडक्यात सांगते, कारण तो कुठल्याही डिझाइन शाळेसारखाच असतो. सकाळी व्याख्यान, मग गटाची बैठक, मग कार्यशाळेत फोम आणि पुठ्ठ्याची धूळ. या सत्रात माझा विषय रेल्वे स्थानकाखालच्या सायकलतळातील दुमजली रॅक हा आहे, त्यामुळे दुपार तिथेच जाते.

डेल्फ्टचे नवे स्थानक २०१५ मध्ये सुरू झाले. वर छतावर शहराचा जुना नकाशा निळ्या-पांढऱ्या रंगात आहे, पर्यटक मान वर करून तो पाहतात. मी खाली जाते. तिथे हजारो सायकली दोन मजल्यांवर उभ्या असतात. वरच्या मजल्यावर सायकल ठेवायची तर आधी एक लांब पन्हळ ओढून बाहेर काढायची, तिचे टोक जमिनीकडे झुकवायचे, पुढचे चाक उचलून पन्हळीत घालायचे, सायकल पुढे ढकलायची आणि मग सायकलीसकट ती पन्हळ उचलून आत सारायची. उचलायला स्प्रिंगची मदत असते. तरीही लोक काय करतात ते पाहण्यासारखे आहे. बहुतेक जण आधी खालच्या मजल्यावर रिकामी जागा शोधत पूर्ण रांग फिरून येतात. गाडी पकडायची घाई असलेला माणूससुद्धा हे करतो. वर ठेवायला त्याहून कमी वेळ लागला असता, पण तो हिशेब कोणी करत नाही. उंच माणसाच्या बाबतीत पन्हळीची मूठ छातीशी येते आणि सगळा जोर लागतो. माझ्या उंचीच्या बाईच्या बाबतीत ती खांद्याच्या वर जाते आणि नेमका शेवटचा हातभर अंतराचा टप्पा जड होतो. तिथे बायका मूठ सोडून देतात, तळवा पन्हळीच्या खाली लावतात आणि गुडघ्याला किंचित झोला देऊन ती वर लोटतात. त्या मुठीच्या आराखड्यात या तळव्याचा विचारच झालेला दिसत नाही. माझा सगळा प्रकल्प सध्या त्या तळव्याभोवती फिरतो आहे.

साडेचार-पावणेपाचला अंधार पडतो. परतताना ए-१ आकाराचा, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा फोमबोर्ड न्यायचा होता आणि वारा नैर्ऋत्येकडून होता. बोर्ड पाठीला बांधला की शीड होते आणि काखेत धरला की एका हाताने हँडल सांभाळावे लागते. शेवटी तो सायकलच्या सांगाड्याला समांतर, मागच्या कॅरियरच्या बाजूला पट्ट्याने बांधला आणि पुलावर उतरून चालत गेले. सायकलस्नेही शहरातही पूल उंच असतात आणि वारा कोणाचे ऐकत नाही.

कुतूहल

लेख आवडला. मी पुढच्या वर्षी याच विद्याशाखेसाठी अर्ज करण्याच्या विचारात आहे, त्यामुळे दोन व्यवहाराचे प्रश्न विचारतो. पावसात तुम्ही सगळे काय करता, आणि मोठी मॉडेल्स कशी नेता? दुसरे असे की स्थानकावर लोकांचे निरीक्षण करायला परवानगी लागते का? लोक सायकल ठेवत असताना कोणी वही घेऊन उभे राहिले तर त्यांना चालते का?

पश्चिमवारा

मी शेजारच्या रॉटरडॅममध्ये बरीच वर्षे वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात काम करतो. आडवी_रेघ यांनी अखंड पदपथाचे केलेले वर्णन नेमके आहे, आणि मराठीत ते इतक्या बारकाईने लिहिलेले मी तरी पाहिले नव्हते. पण “सगळी हुशारी रस्त्यात घातलेली आहे” या वाक्याला माझी हरकत आहे. त्यामुळे असा समज होतो की कोणी तरी हुशार डिझाइनर बसले आणि त्यांनी हा देश सायकलींसाठी आखून दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या देशानेही मोटारींसाठीच रस्ते रुंद केले, जुनी पेठ पाडली, कालवे बुजवले. १९७१ साली इथे रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे दगावली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यातून ‘स्टॉप द किंडरमोर्ड’, म्हणजे बालहत्या थांबवा, या नावाची चळवळ उभी राहिली. आईबापांनी रस्ते अडवले, मुलांनी सायकलवरून मोर्चे काढले. १९७३ च्या नोव्हेंबरपासून तेलटंचाईमुळे काही रविवार मोटारींविना गेले आणि लोकांना आपले रस्ते रिकामे असताना कसे दिसतात ते पाहायला मिळाले. हे सगळे झाल्यानंतर आराखडे आले. तुम्ही ज्या शहरात आहात तिथे तर याचा इतिहास पावलोपावली आहे. गाड्यांनी माणसाच्या चालीने जायचे आणि मुलांनी रस्त्यावर खेळायचे, अशा ‘वोनएर्फ’ गल्ल्यांची सुरुवात डेल्फ्टमध्येच झाली आणि १९७६ मध्ये त्यांना देशभर कायद्याची मान्यता मिळाली. मग १९७९ चा डेल्फ्टचा सायकल आराखडा. त्यात सुटे सायकलमार्ग आखण्याऐवजी पूर्ण शहरावर तीन पदरी जाळे टाकले: शहरभर जाणारे मार्ग एकमेकांपासून सुमारे ५०० मीटरवर, विभागांतले २०० ते ३०० मीटरवर आणि वस्तीतले १०० मीटरच्या आसपास. त्यातले पूल आणि भुयारी मार्ग हे जाळ्यात जिथे छिद्र होते तिथे टाकलेले टाके आहेत.

तेव्हा दगडाचे श्रेय दगडाला द्याच, पण तो दगड तिथे बसवायचा निर्णय ज्या सभेत झाला, त्या सभेत बराच आरडाओरडा झालेला असतो. नकाशावर हुशारी दिसते, भांडण दिसत नाही.

आडवी_रेघ

पश्चिमवारा, जाळ्याच्या तीन पदरांबद्दल धन्यवाद. रोज घरून निघताना मला तीन वेगळे रस्ते का सुचतात आणि तिन्ही सारखेच सोयीचे का वाटतात, याचा उलगडा झाला. चळवळ आधी आणि आराखडा नंतर, हा क्रम मला मान्य आहे.

मात्र एवढ्यावर मी माझे वाक्य मागे घेत नाही. आंदोलने पुष्कळ शहरांत झाली आणि निर्णयही झाले, पण निर्णय कागदावरून फरशीवर उतरताना बहुतेक ठिकाणी त्याचे पातळ पाणी होते. रंगाचा पट्टा मारला आणि सायकलमार्ग झाला, असेही करता आले असते. इथे कोणी तरी बसून ठरवले की उतार किती खडा हवा, तांबडा पट्टा चौकात तुटू द्यायचा नाही, दिवा डोळ्यांच्या पातळीवर आणायचा. सभेत जिंकलेले भांडण रोज सकाळी नव्याने लढावे लागू नये, एवढे काम त्या दगडाने केले आहे. ते काम डिझाइनचे आहे असे मी अजूनही म्हणते.

कुतूहल यांच्या प्रश्नांकडे येते. पावसासाठी सगळ्यांच्या फोनमध्ये रडारचे ॲप असते. ते पुढच्या दोन तासांत पाच-पाच मिनिटांनी ढग कुठे असतील ते दाखवते, आणि व्याख्यान संपल्यावर दाराशी उभे राहून “दहा मिनिटे थांबू” असे ठरवणारे घोळके नेहमी दिसतात. फोन चालत्या सायकलवर हातात धरता येत नाही, १ जुलै २०१९ पासून त्याला दंड आहे. मॉडेल नेण्यासाठी पुढच्या कॅरियरवर बांधलेला प्लास्टिकचा खोका पुरतो. त्याहून मोठे असेल तर सुटे भाग होतील असेच बनवायचे, हे आपोआप अंगवळणी पडते. माझ्या गटातल्या बहुतेक मॉडेल्सची सर्वांत मोठी बाजू त्या खोक्याच्या मापाची असते, आणि परीक्षकांना ती निवड फार विचारपूर्वक केलेली वाटते.

परवानगी लागतेच. माणसांवर कुठलाही अभ्यास करायचा तर विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे अर्ज करावा लागतो, शिवाय सायकलतळ चालवणाऱ्यांची परवानगी वेगळी. मी चेहऱ्यांचे फोटो घेत नाही, फक्त हात आणि चाके रेखाटते. ज्यांच्याशी बोलायचे त्यांना आधी आठवडाभर एक छोटी वही देते. आज सायकल कुठे ठेवली, ती जागा का निवडली, ठेवताना शरीराच्या कुठल्या भागाला जोर पडला ते चित्रावर खूण करा, असे त्यात रोजचे एकेक लहान काम असते. ही पद्धत आमच्या विद्याशाखेत बरीच रुजलेली आहे. वही भरता भरता माणूस आपल्याच सवयीकडे पाहू लागतो आणि मग मुलाखतीत “सगळे ठीक आहे” या उत्तराच्या पुढे जाता येते.

दुसरी_घंटा

आडवी_रेघ, मी वयाने बरीच मोठी आहे, म्हणून तुला ‘तू’ म्हणते. मुलीकडे राहायला म्हणून या देशात आले आणि पन्नाशी उलटल्यावर इथे सायकल नव्याने शिकले. नवख्यांच्या वर्गात माझ्याबरोबर निरनिराळ्या देशांतल्या बायका होत्या. पहिल्या दिवशी आम्हाला पायडल मारायला शिकवलेच नाही; बैठक खाली करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवत, नुसते ढकलत पुढे जायला लावले. तोल आला की मग पायडल.

तुझ्या लेखातले सगळे खरे आहे, पण ते ज्याला तोल आहे, कान तीक्ष्ण आहेत आणि मागे वळून पाहता येते त्याच्यासाठी खरे आहे. सायकलमार्ग मोटारींपासून सुरक्षित आहे हे मान्य, पण तिथे मला भीती वाटते ती सायकलींचीच. विजेवर चालणाऱ्या सायकली मागून आवाज न करता येतात, आणि शाळेची मुले चौघे चौघे शेजारी गप्पा मारत येतात. नियमही पाठ असावे लागतात. जिथे पाटी नाही, सिग्नल नाही आणि रस्त्यावर पांढरे त्रिकोण नाहीत, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. मुलीने सांगितले की २००१ च्या मे महिन्यापर्यंत हा मान फक्त मोटारींना होता, तेव्हापासून सायकलींनाही आहे. आता मी उजवीकडून असले तर गाडीवाला थांबतो खरा, पण थांबेल की नाही हे पाहण्यासाठी मीही थांबते, आणि मग आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत बसतो.

सायकलमार्गाच्या तोंडाशी मधोमध जो खांब असतो, मोटारी शिरू नयेत म्हणून, त्याबद्दल तू काही लिहिले नाहीस. अंधारात आणि घोळक्यात तो शेवटच्या क्षणी दिसतो. त्या खांबाला कोणाची हुशारी म्हणायचे?

सुटे_भाग

यांत्रिकी अभियंता या नात्याने सायकलची बाजू घेतो, कारण धाग्याच्या सुरुवातीलाच तिला कंटाळवाणी म्हटले आहे. गंमत अशी की ती कंटाळवाणी का नाही, याचा पुरावा डेल्फ्टमध्येच आहे.

चालती सायकल, वर कोणी नसतानाही, ठरावीक वेगाला आपोआप सरळ उभी राहते. याचे कारण म्हणून दोन गोष्टी पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे सांगितल्या जात: फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम, आणि पुढचे चाक हँडलच्या अक्षरेषेच्या किंचित मागे टेकते ही रचना. डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल या विद्यापीठांतील संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक वेगळीच सायकल मांडली. तिला लहान चाके होती आणि प्रत्येकाबरोबर उलट्या दिशेने फिरणारे दुसरे चाक होते, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम शून्य. पुढचे चाक अक्षरेषेच्या थोडे पुढेच टेकत होते, म्हणजे दुसरे कारणही बाद. तरीही ती ढकलून दिल्यावर तोल सावरत सरळ गेली. वजन कुठे आणि किती आहे यालाही तितकेच महत्त्व आहे, हे त्यातून दिसले. पुढचा भाग मागच्या भागापेक्षा लवकर कलण्याचा प्रयत्न करतो, त्यामुळे हँडल पडण्याच्या दिशेला वळते आणि चाके पुन्हा वजनाखाली येतात. शंभराहून अधिक वर्षे लोक जी वस्तू वापरत होते, तिचे स्पष्टीकरण अपुरे होते.

दुसरी_घंटा यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. त्याच विद्यापीठाने गझेल या सायकल कंपनीबरोबर २०१९ मध्ये एक नमुना दाखवला. त्यात हँडलच्या दांड्यात मोटर होती आणि सायकल कमी वेगात कलू लागली की ती हँडल आपोआप योग्य दिशेला वळवत असे. वयस्कर माणसे बहुधा चढताना, उतरताना आणि अगदी हळू चालवताना पडतात, हे लक्षात घेऊन तो बनवला होता. तेव्हा हुशारी सायकलमध्येही घालता येते. प्रश्न एवढाच, की घातलेली हुशारी बिघडली तर गल्लीतला दुरुस्तीवाला ती नीट करू शकेल का.

पश्चिमवारा

खांबाबद्दल दुसरी_घंटा यांचे म्हणणे रास्त आहे आणि आमच्या क्षेत्रातही ते मान्य आहे. मोटारींना अडवण्यासाठी लावलेल्या वस्तूंवर सायकलस्वारच आपटतात. म्हणून आता जिथे शक्य आहे तिथे खांब काढतात, आणि ठेवावाच लागला तर आधीपासून जमिनीवर पांढरी उठावाची रेघ आखून चाकाला आणि हाताला त्याची जाणीव करून देतात. मागे पडलेला निर्णय वस्तूच्या रूपात रस्त्यात उभा राहतो तो असा. मोटार तिथे शिरण्याची भीती बहुतेक ठिकाणी उरलेली नाही, पण खांब मात्र अजून उभा आहे.

वाऱ्याबद्दल आडवी_रेघ यांनी तक्रार केली आहे, म्हणून एक अवांतर. झीलंड प्रांतातल्या ऑस्टरस्खेल्डे बंधाऱ्यावर उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते. वादळाचा अंदाज आला की काही दिवस आधी ती जाहीर होते, अंतर सुमारे साडेआठ किलोमीटर असते, आणि सर्वांना तशीच ताठ बसायची, एकाच गिअरची, मागे पायडल मारून थांबवायची सायकल दिली जाते. फोमबोर्ड सक्तीचा नाही.

कुतूहल

सुटे_भाग यांचा शेवटचा प्रश्न मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटला. आडवी_रेघ, तुमच्या रॅकच्या प्रकल्पात याचे उत्तर काय? स्प्रिंगऐवजी मोटर बसवली तर बुटक्या किंवा वयस्कर माणसाचा प्रश्न एका फटक्यात सुटेल, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते.

आडवी_रेघ

मोटर हा आमच्या गटातला पहिलाच प्रस्ताव होता आणि कागदावर तो सुंदर दिसत होता. पण एका तळात हजारो पन्हळी असतात. प्रत्येकीत मोटर म्हणजे तितक्याच तारा, तितकीच देखभाल आणि बिघाड झाला की तितक्याच अडकून पडलेल्या सायकली. शेवटची गाडी निघून जाण्याच्या बेतात असताना सायकल वर अडकली, तर तो माणूस पुन्हा कधीही वरच्या मजल्याचे नाव काढणार नाही. स्प्रिंग मुकी असते आणि तिच्यावर भरवसा ठेवता येतो. त्यामुळे मोटर आम्ही सोडून दिली.

दुसरी_घंटा काकू, तुमचे म्हणणे वाचल्यावर मी माझ्या जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. वरच्या मजल्याशी झगडणाऱ्या बायकांकडेच मी पाहत होते. जे वरच्या मजल्याकडे जातच नाहीत, त्यांची नोंद माझ्याकडे जवळजवळ नव्हती, कारण ते रॅकपाशी येतच नाहीत. आता मी तळाच्या प्रवेशाशी उभी राहते. तिथे दिसते ते असे की वयस्कर माणसे, पुढे मुलाची बैठक असलेल्या सायकली आणि खोकेवाल्या सायकली दाराजवळच रेंगाळतात. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी किती जागा रिकाम्या आहेत त्याचा आकडा लावलेला असतो, पण त्यातल्या खाली किती आणि वर किती हे तो सांगत नाही. ‘२३’ वाचून आत गेलेल्या बाईंना तेवीसच्या तेवीस जागा वर सापडतात, आणि त्या सायकल हातात धरून, समोरून येणाऱ्यांना वाट देत, उलट्या बाहेर येतात.

त्यामुळे प्रकल्पाचे आता दोन भाग झाले आहेत. एक पन्हळीचा: मूठ टोकाशी न ठेवता पन्हळीच्या खालच्या बाजूला एक रुंद, किंचित खोलगट पट्टी द्यायची, जिच्यावर तळवा सपाट बसेल आणि शेवटच्या टप्प्यात ओढण्याऐवजी लोटता येईल. पुठ्ठ्याचे नमुने झाले आहेत. मनगट मागे वाकते तिथे पट्टीचा कोन अजून चुकतो आहे, तो डाइनेडच्या मापांवरून पुन्हा काढायचा आहे. दुसरा भाग आकड्याचा: खालच्या जागांचा आकडा वेगळा आणि मोठा, वरच्या जागांचा लहान. मार्गदर्शकांना हा दुसरा भाग फारच साधा वाटला आणि यात डिझाइन कुठे आहे असे त्यांनी विचारले. मी त्यांना तासभर प्रवेशाशी उभे राहायला बोलावले आहे. मंगळवारी संध्याकाळी, पाचच्या गर्दीत.

कुतूहल, अर्ज करताना कामांच्या संग्रहात तयार वस्तूंच्या चित्रांबरोबर अशा निरीक्षणांची पाने जरूर घाला. आणि इथे आल्यावर सायकल घेताना बैठकीवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का ते पाहा. विकणारा “सवय होईल” म्हणतो, पण चौकात थांबताना ती सवय कामी येत नाही.